देठ तोडल्यानंतरचा भोपळा

भाजी तोडली की तिची उतरण सुरू होते, हे आपण रोज पाहतो: मेथीची जुडी संध्याकाळपर्यंत माना टाकते आणि मक्याच्या कोवळ्या कणसातली साखर तासागणिक घटत जाते. म्हणूनच परसबागेत पहिल्यांदा बटरनट भोपळा लावणारा माणूस तोडल्या दिवशीच त्याची भाजी करतो आणि ती पिठूळ, काहीशी सपक लागली की बियाण्याला बोल लावतो. मीही लावला होता. दोष बियाण्याचा नव्हता, घाईचा होता.

लांब भरीव मानेचा, तळाशी फुगीर आणि फिकट बदामी सालीचा हा भोपळा दिसायला परका असला, तरी मंडईत फोडी करून विकला जाणारा आपला लाल भोपळा बहुधा ज्या वनस्पतिजातीचा असतो, त्याच कुकुरबिटा मॉस्काटा जातीचा तो आहे. या जातीचे मूळ अमेरिका खंडात आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात विकसित झालेला ‘वॉल्थम बटरनट’ हा वाण १९७० मध्ये नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या अमेरिकी संस्थेच्या पुरस्काराचा मानकरी ठरला आणि आजही घरगुती बागांत तोच सर्वाधिक ओळखीचा आहे.

लागवडीत अवघड काही नाही. शेणखत घातलेल्या आळ्यात दोन-तीन सेंटिमीटर खोल बी टोकावे, वेलाला पसरायला जागा द्यावी आणि रोपे लहान असताना पाने कुरतडणाऱ्या लाल भुंग्यांवर लक्ष ठेवावे, एवढे पुरते. खरी धाकधूक फुलांच्या वेळी होते. सुरुवातीला नुसती नर फुले येतात आणि गळून पडतात. मादी फूल काही दिवसांनी येते आणि पाकळ्यांखालच्या बोटभर इवल्या भोपळ्यावरून ते ओळखता येते. ही फुले पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतात, शिवाय परागकण जड आणि चिकट असल्याने ते वाऱ्याने उडत नाहीत. मधमाश्या फिरकल्या नाहीत, तर तो इवला भोपळा पिवळा पडून गळतो. अशा वेळी सकाळीच नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, मधला पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे मधल्या चिकट टोकावर, अलगद फिरवावा.

पेरणीपासून साधारण १०० ते ११० दिवसांत फळ तयार होते. सालीवरच्या हिरव्या रेघा नाहीशा झाल्या, देठ सुकून बुचासारखा खरखरीत झाला आणि नख दाबूनही सालीवर व्रण उमटेनासा झाला, की दोन-तीन सेंटिमीटर देठ राखून फळ कापून घ्यावे. देठ मुळाशी मोडला, तर त्या जखमेतून बुरशी आत शिरते.

वेलापासून सुटलेले फळ मात्र जिवंतच असते. ते श्वसन करीत राहते, आणि वेलावर असताना गरात साठवलेल्या पिष्टाचे (स्टार्चचे) अमायलेज विकरांमुळे (एन्झाइममुळे) हळूहळू शर्करेत रूपांतर होते. पिठूळपणा कमी होतो, गोडी वाढते आणि नारंगी रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्येही वाढतात. यासाठी फळे आधी दहा-बारा दिवस उबदार, हवेशीर जागी सावलीत ठेवावीत आणि नंतर निदान तीन-चार आठवडे थांबावे. साठवणीला १० ते १३ अंश सेल्सियस तापमान उत्तम असते. आपल्या घरांत ते मिळत नाही म्हणून फळ थोडे कमी टिकते, पण यावर फ्रिज हा उपाय नव्हे, कारण १० अंशांखालच्या थंडीने अख्ख्या फळाच्या पेशींना इजा होते आणि ते सडू लागते.

विळ्या-भोपळ्याचे सख्य प्रसिद्धच आहे. बटरनटची मान आणि पोट आधी वेगळे करून घेतले, की विळी निसटत नाही. सोलताना सुटणारा चीक बोटांवर सुकून कातडी ताणल्यासारखी वाटते, म्हणून हाताला आधी तेल लावावे. गरातले बीटा-कॅरोटिन स्निग्धात विरघळते, त्यामुळे तेलावर मेथीदाण्यांची फोडणी दिलेल्या भाजीतून ते शरीराला नुसत्या उकडलेल्या फोडींपेक्षा अधिक मिळते. बिया धुऊन, वाळवून भाजल्या तर त्याही खाता येतात.

घारगे करायचे असतील, तर साठवून गोडावलेल्या गराला गूळ नेहमीपेक्षा कमी लागतो. किती कमी, ते शिजलेला कीस चाखूनच ठरवावे. क्वचित एखादे फळ कडू निघते. तसे वाटले, तर गूळ वाढवून ते खपवू नये. तो कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवल्याने जात नाही, म्हणून ते फळ सरळ टाकून द्यावे.