उपग्रहाधारित अग्रक्रम-निश्चिती (जैवविविधता संवर्धन)

उपग्रह प्रतिमा, जातींच्या आढळाच्या नोंदी आणि भूवापराचे नकाशे एकत्र वाचून कोणते भूप्रदेश वा सागरी क्षेत्र आधी राखायचे हे ठरविण्याची पद्धत. संवर्धनासाठी मिळणारी जमीन, पैसा आणि माणसे नेहमीच अपुरी पडतात. त्यामुळे ‘आधी कुठे?’ या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते.

या पद्धतीचा कच्चा माल १९७२ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-१ या अमेरिकी उपग्रहापासून साठत आला आहे. २००८ मध्ये लँडसॅटचा संग्रह सर्वांना विनामूल्य खुला झाला आणि जुन्या-नव्या प्रतिमांची तुलना कोणालाही करता येऊ लागली. आजच्या लँडसॅट प्रतिमेचा एक पिक्सेल जमिनीवरचा ३० मीटर बाजूचा चौकोन असतो. २०१५ पासून कार्यरत असलेल्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रह-मालिकेत तो १० मीटरचा आहे. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते आणि निकट-अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून ‘एनडीव्हीआय’ हा हिरवेपणाचा निर्देशांक काढतात. मात्र हिरवेपणावरून नैसर्गिक जंगल आणि लागवड यांतला फरक कळेलच असे नाही. तिथे वर्षभराच्या प्रतिमांची मालिका उपयोगी पडते. रबराच्या मळ्यातील सगळी झाडे जवळपास एकाच वेळी पाने गाळतात; मिश्र सदाहरित जंगलात तसे होत नाही, आणि तेवढ्यावरून मळा ओळखता येतो. ढगांच्या आड रडार कामी येते. झाडोऱ्याची उंची व थर मोजण्यासाठी लेसरवर चालणारा लायडार वापरतात. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाठविलेले ‘जेडाय’ हे उपकरण याच कामाचे.

प्राणी स्वतः प्रतिमेत क्वचितच दिसतात. दिसतात त्यांच्या खुणा. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या डेंजर बेटांवर पेंग्विनच्या विष्ठेचे गुलाबीसर डाग लँडसॅट प्रतिमांत आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये संशोधक तिथे पोहोचले, ड्रोनने छायाचित्रे घेतली आणि जमिनीवरही मोजणी केली. अ‍ॅडेली पेंग्विनच्या ७,५१,५२७ जोड्या भरल्या. एवढी मोठी वसाहत तोवर गणतीतच नव्हती.

नकाशांवरून अग्रक्रम ठरविण्याची सुरुवात मात्र उपग्रहांपेक्षा साध्या साधनांनी झाली. १९८० च्या दशकात अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मायकेल स्कॉट यांनी हवाई बेटांवरील संकटग्रस्त वनपक्ष्यांच्या आढळक्षेत्रांवर राखीव क्षेत्रांचा नकाशा ठेवून पाहिला. दोन्ही जवळजवळ कुठेच जुळत नव्हते. १९८५ मध्ये तिथे हाकालाउ वन आश्रयस्थान स्थापन झाले आणि संरक्षणातील उणिवा (गॅप) दाखविणाऱ्या या तंत्राला ‘गॅप विश्लेषण’ असे नाव पडले.

ब्रिटिश पर्यावरणतज्ज्ञ नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये ‘हॉटस्पॉट’ ही कल्पना मांडली: जिथे इतरत्र न आढळणाऱ्या (प्रदेशनिष्ठ) जाती विपुल आहेत, पण अधिवास मोठ्या प्रमाणात नष्ट झाला आहे असे प्रदेश. २००० साली त्यांनी व सहकाऱ्यांनी दिलेल्या यादीतील २५ हॉटस्पॉटमध्ये शिल्लक नैसर्गिक अधिवास पृथ्वीच्या भूभागाच्या अवघा १.४ टक्के होता. त्यात वाहिनीयुक्त वनस्पतींच्या ४४ टक्के जाती प्रदेशनिष्ठ होत्या. पैसा उभा करायला ही यादी फार उपयोगी पडली. पण एवढ्या मोठ्या पट्ट्यातला नेमका कोणता डोंगर किंवा कोणते खोरे राखायचे, हे तीवरून कळत नाही.

त्यासाठी ‘पूरकता’ हे तत्त्व लागते. समजा, एका तुकड्यात ३० जाती आहेत, दुसऱ्यात त्यांपैकीच २८, आणि तिसऱ्यात फक्त ८, पण त्या आठही इतरत्र नाहीत. दोनच तुकडे राखता येणार असतील तर पहिला आणि तिसरा निवडावा. नुसती जातींची संख्या पाहणारा माणूस दुसरा तुकडा घेऊन चुकतो. मार्ग्युलिस आणि प्रेसी या संवर्धन-शास्त्रज्ञांनी २००० मध्ये हा विचार ‘पद्धतशीर संवर्धन नियोजन’ म्हणून सुसंगतपणे मांडला. तुकडे हजारो असले की हिशेब संगणकावर सोपवावा लागतो. त्यासाठीची ‘मार्क्सॅन’ ही आज्ञावली प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीवरील संरक्षित क्षेत्रांच्या फेरआखणीत तिचे निकाल आधाराला होते. २००४ मध्ये मासेमारीबंदीचे क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होते ते सुमारे ३३ टक्क्यांवर गेले. अंतिम रेषा मात्र मच्छीमार, पर्यटन व्यावसायिक आणि शासन यांच्या वाटाघाटींतून ठरल्या.

उपग्रहाला न दिसणाऱ्या गोष्टींची यादी लांबलचक आहे. व्हिएतनाम व लाओसच्या सीमेवरील अन्नामाइट डोंगररांगांत वरून दाट झाडी दिसते, पण खाली शिकाऱ्यांच्या तारेच्या फाशांनी जंगल रिकामे होत आले आहे. १९९२ मध्येच विज्ञानाला ज्ञात झालेला साओला हा प्राणी तिथलाच. जातींच्या नोंदींचेही तसेच. अभ्यासक रस्त्यालगत जास्त फिरतात, म्हणून नकाशावर रस्त्यालगतच जास्त जाती असल्याचा भास होतो.

वर्गीकरणात होणारी चूक त्याहून महागात पडते. झाडोरा कमी म्हणून गवताळ प्रदेश आणि सव्हाना (विरळ झाडांची माळराने) यांवर ‘पडीक’ किंवा ‘अवनत वन’ असा शिक्का बसतो, आणि मग तिथे वृक्षलागवडीची शिफारस होते. माळरानावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या व प्राण्यांच्या दृष्टीने तो संवर्धनाच्या नावाखालचा अधिवासनाशच होय. कायद्यांतही असा दुजाभाव दिसतो. ब्राझीलच्या कायद्यानुसार अ‍ॅमेझॉनच्या वनप्रदेशात खासगी जमीनमालकाने ८० टक्के नैसर्गिक आच्छादन राखायचे असते. सेराडो या सव्हानाच्या बहुतांश भागात मात्र २० टक्के पुरते.

‘शोध’ या शब्दाबाबतही सावध राहावे. मोझांबिकमधील माबू पर्वतावरील वर्षावन २००५ मध्ये ज्युलियन बेलिस या संशोधकाला गूगल अर्थवर दिसले, आणि पुढे तिथे सरडे व फुलपाखरांच्या नव्या जाती सापडल्या. आसपासच्या गावकऱ्यांना ते जंगल अर्थातच ठाऊक होते. यादवी युद्धात त्यांनी तिथेच आसरा घेतला होता.

२०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल या जागतिक जैवविविधता आराखड्यात २०३० पर्यंत ३० टक्के भूभाग व समुद्र संरक्षित करण्याचे उद्दिष्ट आहे. टक्केवारी भरून काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे कोणालाही नको असलेली दुर्गम, खडकाळ किंवा बर्फाळ जमीन राखीव जाहीर करणे. जगातील संरक्षित क्षेत्रांचा कल आधीपासूनच उंच, चढाच्या आणि रस्त्यांपासून दूरच्या जमिनींकडे आहे. सपाट, सुपीक, शेतीयोग्य प्रदेशांतील परिसंस्था त्यामुळे मागे राहतात. संरक्षित क्षेत्रांचा नकाशा उंची, उतार आणि भूवापर यांच्या नकाशांवर ठेवला की हा कल लगेच दिसतो.