महाझोपाळा, बँकॉक

(थाई नाव साओ चिंग छा). बँकॉकच्या जुन्या भागात वाट सुथात या बौद्ध विहारासमोर उभी असलेली सागवानी खांबांची उंच तांबडी चौकट. जवळच ‘देवस्थान’ हे राजदरबारी ब्राह्मणांचे मंदिर असून त्यात शिव, गणेश व विष्णू यांची वेगवेगळी देवळे आहेत. झोपाळा व देवस्थान दोन्ही थाई राजा पहिला राम याच्या कारकिर्दीतील (१७८४). झोपाळा आरंभी देवस्थानापुढेच होता. १९२० मध्ये तो आजच्या जागी आला. नाव झोपाळा असले, तरी पाहणाऱ्याला फळी दिसत नाही, दोरही नाहीत.

शिवाच्या वार्षिक पृथ्वीभेटीच्या ‘त्रियंपवाय’ उत्सवात येथे झोके घेतले जात. नागाच्या आकाराचे शिरोभूषण घातलेले झोकेकरी उंच बांबूला टांगलेली नाण्यांची थैली दातांनी पकडत. नंतर शिंगांतून पाणी शिंपडत नाचत.

उगमाविषयी मतभेद आहेत. पारंपरिक कथेप्रमाणे पृथ्वी भक्कम आहे की नाही, हे नागांनी डोंगरांना विळखा घालून, हेलकावे देऊन पाहिले. खांब म्हणजे ते डोंगर. सयामी (थाई) राजसमारंभांचे अभ्यासक क्वॉरिच वेल्स (१९३१) यांनी झोक्याचा संबंध सूर्याच्या गतीशी जोडला. तथापि ‘त्रियंपवाय’ हे नाव शैव संतकवी माणिक्कवाचकरांच्या ‘तिरुवेंपावै’चे, तर त्याला जोडून येणाऱ्या ‘त्रिपवाय’ विधीचे नाव वैष्णव संतकवयित्री आंडाळच्या ‘तिरुप्पावै’चे रूप असावे. ही तमिळ स्तोत्रे मार्गळी महिन्यात (साधारणतः डिसेंबर–जानेवारी) म्हणतात. सयामी विधीही पूर्वी पहिल्या चांद्रमासात, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास होई, पुढे तो दुसऱ्या मासात नेण्यात आला. थाई ब्राह्मणांच्या पठणात तमिळ पदे टिकून आहेत, अर्थ मात्र विसरला गेला. त्यामुळे नाव व पठण तमिळ देशातून, बहुधा दक्षिण थायलंडमधील नखोन सी थम्मरातमार्गे आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. झोपाळाही तिकडचाच, असे मात्र एवढ्यावरून म्हणता येत नाही.

झोके १९३५ च्या सुमारास बंद पडले. अपघात हे कारण सामान्यतः सांगतात. १९३२ च्या सत्तांतराने राजाची अनियंत्रित सत्ता संपल्यावर दरबारी समारंभांना ओहोटी लागली होती, हेही विचारात घ्यावे लागते. देवस्थानातील पूजाविधी चालू आहेत. खांब जीर्ण झाल्याने २००६ मध्ये फ्रे प्रांतातील सहा सागवृक्षांच्या लाकडातून झोपाळा नव्याने उभारला आणि २००७ मध्ये त्याचे शाही इतमामाने लोकार्पण झाले.