स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४: चित्र कोणाचं सरस, पैसे कुठे वसूल?

झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ हे दोन्ही घरगुती संगणक १९८२चे. पडद्याचे आकडे शेजारी ठेवले तर दोघांत फारसा फरक दिसत नाही. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ पिक्सेलचा, कमोडोरचा ३२० बाय २००. रंग एकाकडे १५, दुसऱ्याकडे १६. पण रिझोल्यूशन म्हणजेच ग्राफिक्स असं धरून चाललात, तर इथेच फसाल.

स्पेक्ट्रमने पिक्सेल आणि रंग वेगवेगळे साठवले. पिक्सेलना ६१४४ बाइट, रंगांना फक्त ७६८. आठ बाय आठ पिक्सेलच्या एका चौकोनाला रंगाचा एकच बाइट, म्हणून एका चौकोनात दोनच रंग. कॅसेटवरून गेम लोड होताना हे डोळ्यांदेखत घडायचं: आधी काळं-पांढरं चित्र पट्ट्यापट्ट्यांनी भरत जायचं आणि अगदी शेवटी, काही सेकंदांत, त्यावर रंग चढायचे. गेममध्ये मात्र लाल यान निळ्या भिंतीला घासून गेलं की भिंतीचा तुकडाही लाल व्हायचा. हाच तो ॲट्रिब्यूट क्लॅश. १९८४च्या 'नाइट लोर' या गेममध्ये अख्खी खोली एकाच रंगात रंगवली आणि हा प्रश्नच मिटवला. मर्यादेतून काढलेली इतकी देखणी वाट मी क्वचितच पाहिली आहे.

कमोडोरमध्ये हे बंधन नव्हतं, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. पूर्ण ३२० पिक्सेल वापरले तर तिथेही एका चौकोनात दोनच रंग. चार रंग हवे असतील तर आडवे पिक्सेल निम्मे, म्हणजे १६०, होतात. म्हणूनच त्याचे बरेच गेम जाडसर, विटा रचल्यासारखे दिसतात.

खरा फरक हलत्या चित्रांत आहे. कमोडोरच्या व्हिक-टू या ग्राफिक्स चिपमध्ये २४ बाय २१ पिक्सेलचे आठ स्प्राइट, म्हणजे स्वतंत्रपणे हलवता येणारी छोटी चित्रं, होते. हे स्प्राइट मागच्या चित्राला धक्का न लावता त्याच्यावरून फिरतात. पहिला स्प्राइट हलवायचा तर मेमरीतल्या ५३२४८ आणि ५३२४९ या पत्त्यांवर नवे आकडे टाकायचे, बस. पडद्याच्या उजव्या टोकाला जाताना तेवढा आणखी एक बिट सांभाळावा लागतो. स्पेक्ट्रममध्ये हेच काम प्रोसेसरच्या गळ्यात: मागचं चित्र जपून ठेवा, यान काढा, पुसा, मागचं परत आणा. पडदा गुळगुळीत सरकवायची सोयही कमोडोरच्या चिपमध्येच होती. धावाधावीच्या गेमसाठी माझं मत निःसंशय कमोडोरला.

आता पैशांचं. ४८ के (किलोबाइट) मेमरीचा स्पेक्ट्रम १७५ पौंडांना आला, १६ केचा १२५ला. कमोडोरची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत ५९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ४८ केच्या स्पेक्ट्रमच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय स्पेक्ट्रमला घरातला साधा कॅसेट रेकॉर्डर चालायचा, कमोडोरला 'डेटासेट' नावाचा त्याचा खास कॅसेट रेकॉर्डर लागायचा. स्प्राइटची वेगळी यंत्रणा नसणं हे स्पेक्ट्रमच्या स्वस्ताईचंच एक कारण होतं, त्यामुळे त्याला उणीव म्हणताना किंमतही शेजारी मांडायला हवी. भारतातही परवान्याने स्पेक्ट्रमच निघाला, 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने.

नुसतं चित्र पाहून निवडायचं तर कमोडोर. पण प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्या पोरासाठी खिशातून पैसे काढायचे असते, तर मी स्पेक्ट्रमच घेतला असता.