तापनियंत्रक मिश्रण झडप : नागपुरातील व्यावसायिक नळकामासाठी निवड

गरम आणि थंड पाणी मिसळून ठरवून दिलेल्या तापमानाचे पाणी पुढे सोडणारी, आणि आत येणाऱ्या पाण्याचे तापमान किंवा दाब बदलला तरी ते तापमान स्वतःहून राखणारी झडप (वॉल्व). हॉटेले, रुग्णालये, वसतिगृहे, व्यायामशाळा, कारखान्यांतील स्नानगृहे अशा ठिकाणी, जिथे पाणी तापवणारा एक आणि वापरणारा दुसरा असतो, तिथे ती बसवतात. नागपुरात तिची निवड करताना नेहमीच्या तक्त्यांवर विसंबून चालत नाही, कारण थंड नळातून येणारे पाणी बारा महिने थंडच असते असे ते तक्ते गृहीत धरतात.

झडपेची गरज दोन परस्परविरोधी अटींतून निर्माण होते. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या एका अधिवेशनानंतर पसरलेल्या न्यूमोनियाच्या तपासातून लीजिओनेला हा जीवाणू उजेडात आला. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो, म्हणून मोठ्या इमारतीत गरम पाणी ६० अंशांना साठवावे असा संकेत रूढ झाला. परंतु ६० अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची त्वचा सुमारे ५ सेकंदांत गंभीर भाजते आणि मुले व वृद्ध यांच्या बाबतीत त्याहून लवकर. ४९ अंशांना त्यासाठी काही मिनिटे लागतात. साठवण तापलेली ठेवायची आणि नळ मात्र सुरक्षित ठेवायचा, हा मेळ मिश्रण झडप घालते.

झडपेच्या पोटात मेणाने भरलेली एक कुपी असते. मिसळलेले पाणी तिच्याभोवतीने वाहते. ते जास्त तापले की मेण फुगून दट्ट्या पुढे ढकलते, गरम पाण्याची वाट अरुंद होते आणि थंड पाण्याची रुंदावते. पाणी निवले की स्प्रिंग दट्ट्याला मागे आणते. थंड पाणी अचानक बंद पडल्यास चांगल्या प्रतीची झडप काही सेकंदांत गरम प्रवाह तोडते, मात्र त्यासाठी आत येणारे गरम पाणी ठरवलेल्या तापमानापेक्षा किमान १० अंशांनी गरम असावे अशी अट बहुतेक उत्पादक घालतात. केवळ दाब सावरणारी झडप हा स्वस्त पर्याय बाजारात मिळतो. तिला पाण्याचे तापमान कळत नाही, फक्त दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक कळतो. ज्या शहरात थंड नळाचे पाणी ऋतूनुसार वीस अंशांनी बदलते तिथे अशा झडपेची तापमर्यादा दर हंगामात नव्याने लावावी लागते, आणि व्यवहारात ते कोणी करत नाही.

नागपूरच्या विमानतळ वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. २९ डिसेंबर २०१८ रोजी तेच शहर ३.५ अंशांपर्यंत गारठले होते. पाण्यात एवढी टोकाची तफावत पडत नाही, तरी गच्चीवरच्या टाकीतले पाणी हवेच्या मागोमाग जाते. समजा साठवण ६० अंशांची आणि शॉवरसाठी ४० अंशांचे पाणी हवे आहे. जानेवारीत थंड पाणी १८ अंशांचे धरले, तर मिश्रणात गरम पाण्याचा वाटा ५२ टक्के पडतो. मे महिन्यात थंड पाणी ३६ अंशांचे झाले की तोच वाटा १७ टक्क्यांवर येतो. मिनिटाला ६० लिटर पाणी लागणाऱ्या स्नानगृहांच्या ओळीत हिवाळ्यात गरम बाजूने ३१ लिटर जातील, उन्हाळ्यात अवघे १०. हिवाळ्यासाठी मोठी घेतलेली झडप उन्हाळ्यात जवळजवळ मिटलेल्या अवस्थेत काम करते, आणि त्या अवस्थेत दट्ट्या स्थिर न राहता मागेपुढे हेलकावे खातो. पाणी क्षणात गरम, क्षणात कोमट येते ही तक्रार बहुधा इथून उगवते. झडप सदोष असतेच असे नाही. म्हणून खरेदीपूर्वी दोन्ही ऋतूंचे आकडे मांडून, किमान प्रवाहालाही स्थिर राहणारी झडप मागावी. मोठ्या इमारतीत एका मोठ्या झडपेऐवजी एक लहान व एक मोठी अशी जोडी समांतर बसवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

थंड पाणीच ४० अंशांच्या वर गेले तर कोणतीही झडप काही करू शकत नाही. मिश्रण झडप पाणी गार करत नाही, हे इतके उघड असूनही निविदांमध्ये क्वचितच लक्षात घेतले जाते. यावरचा उपाय टाकीपासून सुरू होतो : जमिनीखालील तळटाकीत जास्त साठा ठेवणे, गच्चीवरील टाकीवर छप्पर व उष्णतारोधक आवरण घालणे, उन्हात उघडे पडलेले नळ झाकणे, वर पाणी रात्री उशिरा चढवणे. कूलर आणि स्नानगृहे एकाच टाकीवर असतील तर मे महिन्यात कूलर भरण्याच्या वेळी थंड बाजूचा दाब कोसळतो, तेव्हा त्या दोन वाहिन्या वेगळ्या असलेल्या बऱ्या. आणखी एक सवय घातक आहे. उन्हाळ्यात गरम पाणी कोण मागतो, या विचाराने काही ठिकाणी बॉयलर किंवा हीट पंप बंद ठेवला जातो आणि साठवण टाकीतले पाणी कित्येक आठवडे ३५ ते ४० अंशांवर पडून राहते. लीजिओनेलाला हेच मानवते. थंड टाकीही त्याच तापमानाला असते, त्यामुळे उन्हाळ्यात तिच्यातील शिल्लक क्लोरीन तपासणे आवश्यक ठरते.

झडपेचा आकार नळाच्या व्यासावरून ठरवू नये. १ बार दाबफरकाला ताशी किती घनमीटर पाणी जाते, हा केव्ही (Kv) नावाचा आकडा पाहावा. गुरुत्वाकर्षणाने पाणी देणाऱ्या इमारतीत दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार दाब मिळतो, म्हणजे टाकीच्या लगतच्या वरच्या मजल्यावर ०.३ बारही मिळेल न मिळेल. तिथे उच्च दाबासाठी बनवलेली झडप बसवली तर शॉवरची धार केविलवाणी पडते. गरम बाजू पंपावर आणि थंड बाजू गच्चीच्या टाकीवर ही मांडणी तर टाळलेलीच बरी.

इमारतीच्या मुख्य वाहिनीवर, गरम टाकीजवळ बसणारी झडप वेगळी आणि नळाजवळ बसणारी वेगळी. अमेरिकी मानकांत पहिलीसाठी एएसएसई १०१७ व दुसरीसाठी एएसएसई १०७० आहे. केवळ पहिली बसवून भाजण्यापासून पूर्ण संरक्षण मिळते असे मानू नये. रुग्णालयात नळाजवळची झडप हवीच. ब्रिटनमधील टीएमव्ही ३ या मिश्रण झडपांच्या प्रमाणन योजनेत शॉवर व हात धुण्याच्या भांड्यासाठी ४१ अंश, तर स्नानकुंडासाठी ४४ अंशांची मर्यादा आहे. झडपेपासून नळापर्यंतचे अंतर २ मीटरच्या आत ठेवतात, कारण त्या तुकड्यात कोमट पाणी साचते.

शहराला पेंच जलाशय व कन्हान नदीचे पाणी मिळते, पण अनेक व्यावसायिक इमारतींना बोअरवेलची किंवा टँकरची जोड असते. बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त, असते आणि तापवल्यावर त्यातील क्षार दट्ट्यावर व बैठकीवर बसतात. दोन्ही बाजूंना गाळणी, एकतर्फी झडप (एनआरव्ही) आणि बंद करण्याचा कॉक असल्याशिवाय झडप स्वीकारू नये. एनआरव्ही नसेल तर जास्त दाबाचे पाणी दुसऱ्या वाहिनीत घुसते. पितळ जस्त न सोडणाऱ्या प्रतीचे असावे. सौर जलतापक असलेल्या ठिकाणी उन्हाळ्यात टाकीतील पाणी ८० अंशांच्या पुढे जाऊ शकते, म्हणून झडपेची व नळांची तापक्षमता त्यानुसार पाहावी.

बुटीबोरी किंवा हिंगणा येथील रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांत अंगावर सांडलेले रसायन धुण्यासाठीचा आपत्कालीन शॉवर हा स्वतंत्र प्रकार आहे. एएनएसआय झेड३५८.१ या अमेरिकी मानकानुसार त्याचे पाणी १६ ते ३८ अंशांदरम्यान असावे आणि मिनिटाला सुमारे ७६ लिटर वेगाने १५ मिनिटे मिळावे. थंड देशांत यासाठी मिश्रण झडप लावतात. विदर्भात मे महिन्यात उन्हातल्या नळात तापलेले पाणीच त्या मर्यादेबाहेर जाते. इथे आधी सावलीतील आवरणयुक्त टाकी, फिरते पाणी किंवा पाणी गार करणारे शीतक यंत्र, आणि ठरावीक तापमानावर गरम पाणी आपोआप बाहेर सोडणारी उष्णताविमोचक झडप हवी.

झडप बसवल्यावर थंड बाजूचा कॉक अचानक बंद करून गरम प्रवाह तुटतो का, हे पाहतात, आणि मिश्रित पाण्याचे तापमान नोंदवहीत लिहून ठेवतात. ही चाचणी एकदा डिसेंबर-जानेवारीत आणि एकदा मे महिन्यात दुपारी करावी. गाळणी साफ करण्याचा आणि मेणकुपी बदलण्याचा कालावधी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ठेवावा, परंतु बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतीत तो कमी करणे भाग पडते.