एका बिघाडावर दुसरा बिघाड: सप्रेसर उत्परिवर्तनांची पार्श्वभूमी

जनुकात बिघाड झाला की त्याचं प्रथिन बनणं थांबू शकतं. पण कधीकधी त्याच सजीवात आणखी एक उत्परिवर्तन होतं आणि प्रथिन पुन्हा दिसू लागतं, मूळ बिघाड जसाच्या तसा असूनही. या दुसऱ्या बदलाला सप्रेसर म्हणतात. फळमाशीतलं असं उदाहरण स्टर्टेव्हंट यांनी १९२० साली नोंदवलं होतं. त्यामागची यंत्रणा उलगडली ती मात्र चार दशकांनी, ई. कोलाय हा जिवाणू आणि त्याच्यावर वाढणाऱ्या फाज विषाणूंमध्ये.

१९६१ साली केंब्रिजमध्ये क्रिक, ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी टी४ फाजच्या एका जनुकात असे सप्रेसर जमवले. डीएनएच्या मजकुरात एक अक्षर वाढलं की पुढचं सगळं वाचन चुकतं. जवळपास एक अक्षर गळालं की ते पुन्हा जुळतं. तीन अक्षरं वाढवली तरीही जुळतं! जनुकीय संकेत तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, याचा हा भक्कम पुरावा ठरला.

या सप्रेसरांची जागा त्याच जनुकात होती. १९६२ साली बेन्झर आणि चॅम्प यांनी, तसंच अ‍ॅलन गॅरन आणि ओबैद सिद्दिकी यांनी त्याहून चक्रावणारी गोष्ट मांडली. गॅरन-सिद्दिकींनी अल्कलाइन फॉस्फेटेज या प्रथिनाचं बिघडलेलं जनुक घेतलं. जिवाणूच्या एका वाणात ते मुकं राहतं, सप्रेसर असलेल्या दुसऱ्या वाणात त्याच जनुकातून प्रथिन बनतं. म्हणजे संदेश तोच, फरक वाचणाऱ्याचा. सिद्दिकी त्याच वर्षी मुंबईत आले आणि टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. भारतातल्या या विषयाची मुळं सप्रेसरच्या कामाशी इतकी जवळून जोडलेली आहेत, हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं.

पुढची पावलं झपाट्याने पडली. १९६५ मध्ये ब्रेनर यांच्या गटाने आणि वायगर्ट-गॅरन यांनी दाखवलं की अशा, ‘अंबर’ नावाच्या बिघाडांत मधेच यूएजी हा तीन अक्षरी, प्रथिनाची साखळी थांबवणारा संकेत तयार झालेला असतो. १९६८ मध्ये उत्तर हाती आलं: टायरोसिन हे अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या टीआरएनए रेणूच्या अँटिकोडॉनमधलं, म्हणजे संकेत ओळखणाऱ्या तीन अक्षरांमधलं, एकच अक्षर बदललं होतं, जीयूएचं सीयूए झालं होतं. त्यामुळे यूएजी आला तरी हा टीआरएनए तिथे टायरोसिन बसवतो आणि साखळी पुढे सरकते.

मग जनुकाच्या शेवटच्या, खऱ्या थांब्यांवरही रायबोसोम (संदेश वाचून प्रथिन बनवणारं यंत्र) पुढे का धावत नाही? काही वेळा धावतोही, पण सप्रेसर टीआरएनएची स्पर्धा साखळी सोडवणाऱ्या आरएफ१ या घटकाशी असते आणि दर वेळी टीआरएनए जिंकत नाही. शिवाय ई. कोलायची बहुतेक जनुकं यूएजीवर संपतच नाहीत. यूएए हा दुसरा थांबा मात्र सर्रास आढळतो, म्हणून त्याचे सप्रेसर दुबळे असले तरच जिवाणूला परवडतात.

हीच स्पर्धा जिवाणू स्वतःच्या नियंत्रणासाठीही वापरतो. आरएफ२ हा साखळी सोडवणारा दुसरा घटक यूजीए हा थांबा ओळखतो, आणि त्याच्याच जनुकात सुरुवातीला एक यूजीए आहे. आरएफ२ भरपूर असेल तर वाचन तिथेच संपतं. तो कमी पडला की रायबोसोम त्या जागी रेंगाळतो, एक अक्षर पुढे घसरतो आणि पूर्ण आरएफ२ तयार करतो.