कॅल कोण आणि बिली कोण? शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसमनमधला फरक

१९८७ ते १९९२ या काळातल्या बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या चित्रफिती पाहताना ‘रिपकन’ हे नाव आलं की नवख्याचा हमखास घोटाळा होतो. मैदानावर रिपकन दोन होते, सख्खे भाऊ, आणि शेजारी-शेजारी उभे. थोरला कॅल शॉर्टस्टॉपला, धाकटा बिली सेकंड बेसला. त्यात या दोन जागाही क्रिकेटमधल्या मिड-ऑन, मिड-ऑफसारख्या जुळ्या वाटतात: मधल्या बेसच्या (बेस म्हणजे धावपटूने टप्प्याटप्प्याने गाठायची जागा) दोन्ही अंगांना एकेक जण, दोघांचं काम जमिनीलगत आलेला चेंडू अडवून फेकण्याचं. भाऊ ओळखायला पाठीवरचा आकडा पुरतो. कॅलचा ८, बिलीचा आधी ३, मग ७. जागांमधला फरक कळायला मात्र जरा भूमितीत शिरावं लागतं.

दोन बेसमधलं अंतर ९० फूट. फटका मारून फलंदाज पहिल्या बेसकडे पळत सुटतो आणि चेंडू त्याच्या आधी तिथे पोचवायचा असतो. सेकंड बेसमन पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये उभा असतो, त्यामुळे त्याची फेक जवळची. चेंडू ग्लोव्हमधून निसटला तरी उचलून टाकायला पुष्कळदा वेळ उरतो. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये. तिसऱ्या बेसच्या बाजूला खोलवर जाऊन त्याने चेंडू अडवला, की पहिला बेस शंभर फुटांहून लांब राहतो आणि अंगाचा झोक असतो नेमका उलट दिशेला. शिवाय बरेचसे फलंदाज उजव्या हाताने खेळणारे, त्यांचे जोरकस फटके याच बाजूला येतात. म्हणून ज्याच्या हातात ताकद आहे तो पोरगा शॉर्टस्टॉपला जातो, आणि हात किंवा चपळाई कमी पडू लागली की सेकंडला सरकतो. मोठ्या लीगमधले, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतले, कितीतरी सेकंड बेसमन मूळचे शॉर्टस्टॉपच असतात.

यावरून सेकंड बेस ही दुय्यम जागा ठरते का? मला नाही वाटत. डबल प्ले नीट पाहिला की मत बदलतं. पहिल्या बेसवर धावपटू आहे आणि चेंडू जमिनीवरून आला, तर त्या धावपटूला दुसऱ्या बेसवर बाद करून लगेच फलंदाजाला पहिल्या बेसवर बाद करायचं. शॉर्टस्टॉप दुसऱ्या बेसवर धावत येतो तेव्हा पहिला बेस आणि अंगावर येणारा गडी दोन्ही त्याला समोर दिसतात. सेकंड बेसमन चेंडू घेतो तेव्हा त्याचं तोंड तिसऱ्या बेसकडे असतं. धावपटू पाठीकडून घसरत येतोय, आणि याला गिरकी घेऊन, उडी मारून, फेकायचंय. मुद्दाम पायांवर घसरत जाण्याला २०१६च्या नियमाने चाप बसला. बिलीच्या वेळी तो नियम नव्हता.

कॅल या चौकटीत बसणारा नव्हताच. उंची ६ फूट ४ इंच. असा धिप्पाड गडी तिसऱ्या बेसला शोभतो, असा तेव्हाचा समज. १९८२च्या जुलैत व्यवस्थापक अर्ल वीव्हर यांनी त्याला शॉर्टस्टॉपला उभं केलं आणि तो तिथेच रुजला. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, काय टाकणार, फलंदाज कुठे मारणार, याचा अंदाज बांधून तो आधीच जागा घ्यायचा. १९९०च्या अख्ख्या मोसमात त्याच्या चुका फक्त ३! एकूण ४३१ होमरन (बहुधा चेंडू थेट मैदानाबाहेर जाणारे फटके), त्यांतले ३४५ शॉर्टस्टॉप म्हणून खेळताना. १९८३ आणि १९९१ला अमेरिकन लीगचा (मोठ्या लीगच्या दोन शाखांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू. ६ सप्टेंबर १९९५ला त्याने जुन्या जमान्यातल्या लू गेरिगचा सलग २,१३० सामन्यांचा विक्रम मोडला आणि पुढे ही मालिका २,६३२वर नेऊन स्वतःहून थांबवली. १९९७पासून तो तिसऱ्या बेसला गेला. वय झालेल्या शॉर्टस्टॉपची ही नेहमीची वाट: हात शाबूत असतो, धाव आखडते.

वयाने किंवा बॅटने मागे पडलेल्या सेकंड बेसमनला अशी हक्काची वाट नसते. तो बहुधा ‘युटिलिटी’ होतो, म्हणजे जिथे गडी कमी तिथे उभा. बिलीची फलंदाजीची सरासरी .२४७ (म्हणजे हजार संधींत २४७ यशस्वी फटके), बारा मोसमांत होमरन २०. ओरिओल्सनंतर टेक्सास, क्लीव्हलँड, पुन्हा बाल्टिमोर, पुन्हा टेक्सास, शेवटी डेट्रॉइट. लोकांना मात्र तो आठवतो खेळाडूंची छायाचित्रं असलेली कार्डं छापणाऱ्या फ्लिअर कंपनीच्या १९८९च्या कार्डामुळे, ज्यात त्याच्या बॅटच्या मुठीवर लिहिलेली शिवी तशीच छापली गेली. १९९०ला त्याने .२९१ची सरासरी राखली होती, ते फारसं कुणी काढत नाही.

आणि त्याचा आकडा बदलला तो वडिलांमुळे. वडिलांचं नावही कॅल रिपकनच; ते १९८७ला दोन्ही मुलांच्या संघाचे व्यवस्थापक होते. एकाच वेळी दोन मुलांना मोठ्या लीगमध्ये सांभाळणारे ते पहिलेच. १९८८चे पहिले सहा सामने हरल्यावर त्यांना काढून टाकलं. संघ तरीही हरतच राहिला, सलग २१ सामने. बिलीने ३ सोडून वडिलांचा ७ घातला.

या दोघांचे जुने स्कोअरकार्ड हाती आले, तर पाठीवरचे आकडे विसरा. तिथे जागांचे आकडे असतात: सेकंड बेसमन ४, शॉर्टस्टॉप ६. ६-४-३ लिहिलं असेल तर चेंडू कॅलने अडवला आणि गिरकी बिलीने घेतली. ४-६-३ असेल तर उलट. शेवटचा ३ म्हणजे पहिल्या बेसवरचा खेळाडू, बिली नव्हे.