बारा व्होल्टच्या गाडीत काटा चौदावर का जातो?

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डात हौसेने व्होल्टमीटर बसवावा, इंजिन सुरू करावं आणि काटा थेट 14 वर जावा, की अनेकांच्या पोटात गोळा येतो. बॅटरी 12 व्होल्टची, मग वरचे दोन व्होल्ट आले कुठून? पहिला संशय बिचाऱ्या मीटरवर जातो. पण मीटर खरं तेच बोलत असतो.

'बारा व्होल्ट' हे बॅटरीचं नुसतं नाव आहे. शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भरलेला घट साधारण 2.1 व्होल्ट देतो, म्हणून इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12 पर्यंत उतरली की ती जवळजवळ रिकामी समजावी. तिच्यात पुन्हा वीज भरायची तर तिच्यापेक्षा जास्त व्होल्टेज लावावं लागतं, त्यामुळे इंजिनावर फिरून वीज तयार करणारा डायनॅमो किंवा अल्टरनेटर 13.8 ते 14.4 व्होल्ट देतो. म्हणजे काटा 14 वर असणं हीच चार्जिंग ठीक असल्याची खूण. गाडी चालवतानाही तो 12.3 वर राहिला, तर गाडी फक्त बॅटरीवर चालली आहे. 15 च्या पुढे गेला तर हे व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर तपासा, नाहीतर बॅटरीतलं पाणी वायू होऊन उडत राहील.

पण भरलेली आणि रिकामी बॅटरी यांच्यात फरक जेमतेम अर्ध्या व्होल्टचा! एवढासा फरक एक काटा दाखवतो कसा, हा या उपकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

चांगल्या मीटरच्या पोटात एका चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये बारीक तांब्याच्या तारेची कॉईल टांगलेली असते. तिच्यातून विद्युतधारा गेली की चुंबकीय बल तिला फिरवतं आणि केसासारख्या दोन स्प्रिंगा तिला मागे खेचतात. ही दोन बलं जिथे समान होतात तिथे काटा थांबतो. त्याच स्प्रिंगांमधून धारा आत-बाहेर जाते. एका भागाकडून दोन कामं. कॉईल ॲल्युमिनियमच्या चौकटीवर गुंडाळलेली असते. चौकट चुंबकीय क्षेत्रात हलली की तिच्यात धारा निर्माण होते, आणि ती धारा चौकटीच्या हालचालीलाच विरोध करते. म्हणून खड्ड्यातून जातानाही काटा फडफडत नाही. समजा, 1 मिलिअँपिअरला काटा शेवटपर्यंत जातो. मग 16 व्होल्टच्या मीटरमध्ये एकूण रोध 16,000 ओहम हवा. त्यात कॉईलचे 100 धरले, तर उन्हात डॅशबोर्ड 40 अंशांनी तापल्यावर तांब्याचा रोध सुमारे 16 ओहमने वाढेल. 16,000 मध्ये 16, म्हणजे हजारात एक. त्या चुकीची काळजीच नको. उरला अर्ध्या व्होल्टचा प्रश्न. त्यासाठी काही मीटरांत सुमारे 8 व्होल्टचा झेनर डायोड, म्हणजे ठरावीक व्होल्टेजपर्यंत धारा अडवून धरणारा छोटा भाग, एकसर जोडणीत घालतात आणि रोध त्या हिशेबाने कमी करतात. आठच्या खाली काटा हलत नाही, आणि 8 ते 16 हा पट्टा सगळी तबकडी व्यापतो. अर्धा व्होल्ट दुप्पट रुंद दिसतो.

हा प्रचंड रोधच जोडणीचा नियम ठरवतो. व्होल्टमीटर नेहमी समांतर जोडणीत. धारा मोजणाऱ्या जुन्या अ‍ॅमीटरच्या जागी तो बसवताना पुष्कळ जण अ‍ॅमीटरच्या त्याच दोन वायरी त्याला लावतात. पण अ‍ॅमीटर एकसर जोडणीत असतो, दिवे-इग्निशनची धारा त्यातूनच जाते. तिथे 16,000 ओहम आले की ओहमच्या नियमाने मिलिअँपिअरच उरणार, आणि गाडी मुकी. त्या दोन जाड वायरी एकमेकींना पक्क्या जोडून त्यावर इन्सुलेशन करावं. व्होल्टमीटरला वेगळी बारीक वायर आणि छोटा फ्यूज पुरतो. सगळं काम बॅटरीचं टर्मिनल सोडवूनच करावं.

वायर इग्निशन चालू केल्यावरच जिवंत होणाऱ्या जागेवरून घ्यावी. कॉईलवाला मीटर जवळपास काहीच खात नाही, पण तापणाऱ्या पट्टीवर चालणारे मीटरही असतात. असा मीटर 100 मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला 2.4 अँपिअर-तास गेले, आणि 40 अँपिअर-तासांची बॅटरी सतरा दिवसांत सपाट.

बॅटरी जमिनीवर ठेवली की वीज 'जमिनीत उतरते' हा समज अजून टिकून आहे. आजच्या प्लास्टिकच्या खोक्यातून वीज जमिनीत जायला वाटच नाही. तशीच, लायटरच्या सॉकेटमध्ये खोचून 'व्होल्टेज स्थिर करून मायलेज वाढवणारी' डबी. ती घेण्याआधी इंजिन चालू ठेवून काटा पाहा. व्होल्टेज स्थिर ठेवायचं काम रेग्युलेटर आधीच करतो आहे.

काही जुन्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. तिथे मीटरचं धन टोक बॉडीकडे आणि ऋण टोक वायरीकडे जातं, नाहीतर काटा उलटा शून्याखाली दाबला जाईल. जोडल्यावर हेडलाइट लावून मल्टिमीटरने थेट बॅटरीवरही मोजावं. डॅशबोर्डावर अर्धा व्होल्ट कमी दिसला, तर वाटेत कुठेतरी गंजलेला जोड आहे: 10 अँपिअरला फक्त 0.05 ओहम रोध तेवढा व्होल्ट गिळतो. आधी अर्थचा, म्हणजे बॉडीला जाणाऱ्या वायरीचा, जोड घासून पाहावा, मग फ्यूजच्या क्लिपा.